आरोग्यचिंतन : पाठीचे दुखणे आणि मूत्रपिंडाची कसोटी

मुळा आणि पवना या नद्यांच्या संगमाजवळ वसलेली सांगवी आज पिंपरी-चिंचवड महानगराचा गजबजलेला भाग आहे. जुन्या व नव्या सांगवीच्या बाजारपेठेत किराणा, कापड, भांडी, हार्डवेअर अशा व्यवसायांत अनेक व्यापारी कुटुंबे स्थिरावली आहेत. सकाळी शटर उघडल्यापासून रात्री हिशेब मिटेपर्यंतची बैठक, मालाची चढउतार, चाकणपर्यंतची धावपळ हा त्यांचा नित्यक्रम. पन्नाशी ओलांडलेल्या दुकानदाराची पाठ दुखू लागली तर कोणालाही नवल वाटत नाही. औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्यांची पट्टी येते, कमरेला पट्टा बांधला जातो आणि व्यवहार पुढे चालू राहतो. थकवा आला तर वयाकडे बोट दाखवले जाते, रक्त कमी निघाले तर लोहाच्या गोळ्या सुरू होतात.

बहुतेकांची पाठदुखी खरोखरच साधी असते. ती विश्रांतीने आणि व्यायामाने बरी होते. परंतु थोड्या जणांच्या बाबतीत हाडांचे दुखणे, रक्तक्षय आणि थकवा या तिन्ही तक्रारींचे मूळ एकच असते. ते असते अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या पोकळीतील रक्त तयार करणाऱ्या मगजात. त्या आजाराचे नाव मल्टिपल मायलोमा. हा रक्ताचा एक दीर्घकाळ चालणारा कर्करोग आहे. तो हाडे पोखरतो हे पुष्कळांना ठाऊक असते, पण तो मूत्रपिंडांवर किती लवकर आणि किती मुकाट्याने घाव घालतो हे फारच थोड्यांना ठाऊक असते. मायलोमाचे निदान होते त्या दिवशीच अनेक रुग्णांची मूत्रपिंडे कमी-अधिक दुबळी झालेली आढळतात. मोजण्याचा निकष कोणता लावला त्यानुसार हे प्रमाण पाचांत एकापासून दोघांत एकापर्यंत सांगितले जाते.

मूत्रपिंडे का तुंबतात?

आपल्या अस्थिमज्जेत प्लाझ्मा पेशी असतात. रोगजंतूंशी लढणारी प्रतिपिंडे तयार करणे हे त्यांचे काम. प्रत्येक प्रतिपिंड हे प्रथिन असून ते दोन जड आणि दोन हलक्या साखळ्यांनी बनलेले असते. निरोगी शरीरात लक्षावधी प्रकारच्या प्लाझ्मा पेशी गरजेपुरतेच उत्पादन करतात. मायलोमामध्ये त्यांपैकी एकच पेशी बेबंद वाढू लागते आणि तिचा सारा वंश एकाच साच्याचे निरुपयोगी प्रथिन अखंड बनवीत राहतो. त्यातील हलक्या साखळ्या सुट्या होऊन रक्तात मिसळतात.

मनुष्याची दोन मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यांतील बहुतेक सर्व पुन्हा रक्तात परत घेतात. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या व त्यांना जोडलेल्या नलिका असतात. हलक्या साखळ्या आकाराने लहान असल्याने गाळणीतून सहज पार होतात. एरवी थोड्या प्रमाणात आलेल्या साखळ्या नलिकेच्या सुरुवातीच्या भागातच शोषून पचवल्या जातात. पण त्यांचा लोंढा आला की ही क्षमता अपुरी पडते. पुढच्या भागात मूत्रपिंड स्वतःच युरोमोड्युलिन नावाचे चिकट प्रथिन स्रवत असते. इगोर टॅम आणि फ्रँक हॉर्सफॉल यांनी १९५० मध्ये त्याचे वर्णन केले. हलक्या साखळ्या या प्रथिनाला घट्ट चिकटतात, त्यांचे कठीण साचे बनतात आणि नलिका आतून बंद होतात. भोवती सूज येते, मूत्र पुढे सरकत नाही आणि काही आठवड्यांत, क्वचित काही दिवसांत, मूत्रपिंड निकामी होऊ शकते.

यात आणखी एक भर पडते. पोखरल्या जाणाऱ्या हाडांतून कॅल्शियम रक्तात उतरते. कॅल्शियम वाढले की मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या आकसतात, लघवी जास्त होते आणि शरीर कोरडे पडते. तहान, बद्धकोष्ठता, मळमळ, सुस्ती आणि बोलण्यातला गोंधळ ही त्याची चिन्हे होत. कोरड्या शरीरात मूत्र दाट होते आणि दाट मूत्रात साचे अधिक लवकर जमतात. अशा रीतीने एक बिघाड दुसऱ्याला वाढवीत जातो.

दीर्घकाळ चालणाऱ्या इतर रक्तकर्करोगांतही मूत्रपिंडाला धोका असतो, मात्र त्याची वाट निराळी असते. लिम्फोसायटिक ल्युकेमियाच्या दीर्घकालीन प्रकारात क्वचित कर्कपेशी मूत्रपिंडात शिरतात, कधी त्यांनी निर्माण केलेली प्रथिने गाळण्यांना इजा करतात; तर कधी प्रभावी औषधाने एकाच वेळी असंख्य कर्कपेशी फुटून त्यांतील युरिक आम्ल व फॉस्फेट मूत्रपिंडावर लोटतात. म्हणूनच अशी औषधे सुरू करताना डॉक्टर भरपूर द्रव देतात आणि रक्ताच्या तपासण्या वारंवार करतात.

लंडनच्या एका व्यापाऱ्याचे मूत्र

या आजाराच्या अभ्यासाची सुरुवात एका व्यापाऱ्यापासूनच झाली, ही गोष्ट वैद्यकाच्या इतिहासात नोंदलेली आहे. थॉमस अलेक्झांडर मॅकबीन हे लंडनचे पंचेचाळीस वर्षांचे प्रतिष्ठित व्यापारी. सप्टेंबर १८४४ मध्ये सहलीला गेले असता एका भूमिगत गुहेतून उडी मारून बाहेर येताना त्यांना छातीत काहीतरी तुटल्यासारखी तीव्र कळ आली. पुढील वर्षभर दुखणे कमी-जास्त होत राहिले. त्या काळच्या रीतीप्रमाणे रक्त काढणे, पट्ट्या बांधणे, लोह आणि क्विनाइन हे सर्व उपाय झाले. अशक्तपणा वाढतच गेला. त्यांच्या मूत्राने कपडे ताठ होतात असेही लक्षात आले.

१८४५ च्या ऑक्टोबरअखेर डॉ. विल्यम मॅकिन्टायर यांनी त्यांना तपासले आणि मूत्राचा नमुना हेन्री बेन्स जोन्स या तरुण वैद्य-रसायनज्ञाकडे पाठवण्यात आला. त्या मूत्रातील पदार्थ नेहमीच्या अल्ब्युमिनसारखा वागत नव्हता. नायट्रिक आम्ल घालून ठेवल्यावर तो गोठे, तापवल्यावर पुन्हा विरघळे आणि थंड होताच पुन्हा गोठे. १ जानेवारी १८४६ रोजी मॅकबीन यांचे निधन झाले. त्यांच्या बरगड्या मऊ, ठिसूळ आणि आतून लालसर मगजाने भरलेल्या आढळल्या. मृत्युदाखल्यात मात्र मूत्रातून अल्ब्युमिन गेल्यामुळे आलेली क्षीणता असे कारण नोंदले गेले.

मूत्रातील त्या पदार्थाला पुढे बेन्स जोन्स प्रथिन हे नाव मिळाले. ते म्हणजेच प्रतिपिंडांच्या हलक्या साखळ्या, हे जेराल्ड एडेलमन आणि जोसेफ गॅली यांनी १९६२ मध्ये सिद्ध केले. या दोन शोधांमध्ये शंभराहून अधिक वर्षे गेली.

साध्या पट्टीला न दिसणारे प्रथिन

ही जुनी हकिगत आजही उपयोगी आहे, कारण तिच्यातील पेच अद्याप मिटलेला नाही. दवाखान्यात मूत्र तपासण्यासाठी जी रंग बदलणारी पट्टी वापरतात ती मुख्यतः अल्ब्युमिन ओळखते. हलक्या साखळ्या तिला जवळजवळ दिसत नाहीत. मूत्रातून भरपूर प्रथिन जात असतानाही पट्टीवरचा अहवाल निर्दोष येऊ शकतो आणि घरची मंडळी निश्चिंत होतात.

दुसरा पेच मधुमेहाचा आणि रक्तदाबाचा. व्यापारी कुटुंबांत बैठे काम व गोडधोड यांमुळे हे दोन्ही विकार घरोघरी आढळतात. अशा रुग्णाचे क्रिएटिनिन वाढले की ते साखरेमुळेच, असे गृहीत धरले जाते. पुष्कळदा ते खरेही असते. पण क्रिएटिनिन काही आठवड्यांत झपाट्याने वाढले, हिमोग्लोबिन मूत्रपिंडाच्या अवस्थेच्या मानाने फारच उतरले, हाडे दुखू लागली, साध्या धक्क्याने हाड मोडले किंवा न्यूमोनियासारखा संसर्ग पुन्हा पुन्हा झाला, तर वेगळा विचार करावाच लागतो.

नेहमीच्या अहवालातही एक खूण असते. रक्तातील एकूण प्रथिनांचा आकडा आणि अल्ब्युमिनचा आकडा शेजारी शेजारी छापलेला असतो. एकूण आकडा फुगलेला आणि अल्ब्युमिन मात्र नेहमीइतके किंवा कमी, असे असेल तर मधली रक्कम ग्लोब्युलिनच्या खात्यावर पडते. ती इतकी कशी वाढली हे शोधले पाहिजे. ज्यांना तेरीज न जुळल्यास रात्री झोप लागत नाही, त्या व्यापाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. उलट बाजूही ध्यानात ठेवावी : ज्या मायलोमात केवळ हलक्या साखळ्याच तयार होतात, त्यात हा आकडा वाढलेला नसतो. म्हणून शंका असेल तेव्हा रक्ताचे व मूत्राचे इलेक्ट्रोफोरेसिस आणि रक्तातील मुक्त हलक्या साखळ्यांचे मोजमाप या तपासण्या कराव्या लागतात. मुक्त साखळ्या मोजण्याची पद्धत २००१ पासून उपलब्ध आहे. निदान पक्के करण्यासाठी अस्थिमज्जेची तपासणी आणि हाडांचे स्कॅन होतात. मूत्रपिंडाची बायोप्सी करायची की नाही हे तज्ज्ञ ठरवतात.

पाश्चात्त्य देशांत मायलोमा प्रामुख्याने सत्तरीच्या आसपास आढळतो. भारतातील रुग्णालयांत येणारे रुग्ण साधारण दशकभर तरुण असतात, म्हणजे घराची आणि पेढीची धुरा ज्यांच्या खांद्यावर असते त्या वयाचे. अभिनेत्री आणि चंडीगढच्या तत्कालीन खासदार किरण खेर यांच्या बाबतीत नोव्हेंबर २०२० मध्ये पडून हात मोडल्याचे निमित्त झाले आणि तपासणीत मायलोमा आढळला. मुंबईत त्यांच्यावर उपचार झाले. लोकगायिका शारदा सिन्हा यांना याच आजाराने ग्रासले होते. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. या दोन उदाहरणांमुळे आजाराचे नाव घरोघरी पोहोचले. त्याचा मूत्रपिंडाशी असलेला संबंध मात्र अजून तितका पोहोचलेला नाही.

वेदनाशामक गोळी आणि निर्जल उपवास

मायलोमा होऊ नये म्हणून करण्याजोगा खात्रीचा उपाय आज ज्ञात नाही. पण मायलोमाने मूत्रपिंड बिघडू नये म्हणून करण्याजोगे बरेच आहे आणि त्यातील दोन गोष्टी थेट आपल्या घरांशी निगडित आहेत.

पहिली गोष्ट वेदनाशामक गोळ्यांची. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, एसिक्लोफेनॅक या वर्गातील औषधे मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. निरोगी माणसाला दोन-चार गोळ्यांनी सहसा अपाय होत नाही. परंतु नलिका आधीच साखळ्यांनी भरू लागल्या असतील तर हीच गोळी मूत्रपिंड बंद पाडण्यास कारण ठरते. क्रूर योगायोग असा की हाडे दुखतात म्हणून रुग्ण नेमकी हीच गोळी घेतो. तीन-चार आठवड्यांहून जास्त टिकणाऱ्या, रात्री झोपेतून उठवणाऱ्या पाठदुखीसाठी गोळ्यांची नवी पट्टी आणण्याआधी रक्त तपासून घेणे शहाणपणाचे ठरते. सीटी स्कॅनसाठी शिरेतून देण्याचे रंगद्रव्य आणि काही प्रतिजैविके यांबाबतही मायलोमाच्या रुग्णाने आपला आजार डॉक्टरांना आधी सांगावा.

दुसरी गोष्ट पाण्याची. मूत्र पातळ राहिले तर साचे जमण्याची शक्यता कमी होते. म्हणून मूत्रपिंड काम करीत असेपर्यंत आणि हृदयाची किंवा सुजेची अडचण नसेल तर मायलोमाच्या रुग्णांना दिवसाला सुमारे तीन लिटर द्रव घेण्यास सांगितले जाते. नेमके प्रमाण डॉक्टरच ठरवतात. डायलिसिस सुरू झालेल्या रुग्णाला उलट पाणी मोजून घ्यावे लागते.

येथे आपल्या समाजातील एक नाजूक प्रश्न उभा राहतो. चातुर्मासात आणि पर्युषणात अनेक ज्येष्ठ श्रावक-श्राविका अठाई करतात, चौविहार उपवास करतात, वर्षीतप पार पाडतात. वर्षानुवर्षे निर्विघ्न तपश्चर्या केलेल्या व्यक्तीला “या वर्षी निर्जल उपवास नको” असे सांगणे घरच्यांना जड जाते आणि ऐकणाऱ्यालाही आपले व्रत हिरावले गेल्यासारखे वाटते. मात्र पच्चक्खाण घेतानाच त्यात आगार ठेवलेले असतात. शरीराची समाधी ढळेल अशी अवस्था आली तर औषधोपचाराला वाव असतो. तिविहार उपवासात उकळलेले पाणी चालते, पण मायलोमाच्या रुग्णाला सूर्यास्तानंतरच्या तासांतही पाण्याची गरज भासू शकते. म्हणून कोणते तप झेपेल हे डॉक्टरांना विचारून, मग गुरुमहाराजांच्या किंवा महासतीजींच्या चरणी निवेदन करून ठरवणे हेच योग्य. बारा प्रकारच्या तपांपैकी सहा बाह्य आणि सहा आभ्यंतर आहेत. स्वाध्याय, ध्यान, विनय, कायोत्सर्ग यांत पाणी सोडावे लागत नाही. रुग्णाला या मार्गाकडे वळवताना त्याच्या श्रद्धेला कमीपणा येऊ नये, ही काळजी घरातील थोरामोठ्यांनी घ्यावी.

आहाराबाबतही अंदाजाने काही करू नये. मूत्रपिंड दुबळे झाले की डाळी एकदम बंद करण्याचा सल्ला नातेवाईक देतात. शाकाहारी रुग्णासाठी डाळ आणि दूध हेच प्रथिनांचे मुख्य आधार असतात. ते तोडल्याने स्नायू झिजतात. किती प्रथिने घ्यावीत हे आहारतज्ज्ञ रुग्णाच्या अवस्थेनुसार सांगतात. लोणचे, पापड, मसाल्याचा खाखरा आणि शेव यांतील मीठ मात्र निश्चित कमी करावे. “कमी सोडियमचे मीठ” म्हणून मिळणाऱ्या मिठात बहुधा पोटॅशियम असते. दुबळ्या मूत्रपिंडाच्या रुग्णाला ते घातक ठरू शकते. आयुर्वेदिक भस्मे किंवा अनोळखी काढे डॉक्टरांना न सांगता घेऊ नयेत.

उपचार : पहिले काही आठवडे

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मायलोमाने मूत्रपिंड निकामी झाले की आशा फारच अंधूक असे. आज चित्र बदलले आहे. अमेरिकेत २००३ मध्ये मान्यता मिळालेले बोर्टेझोमिब हे औषध दुबळ्या मूत्रपिंडातही मात्रा न घटवता देता येते आणि भारतीय कंपन्या त्याची जेनेरिक रूपे बनवीत असल्याने ते पूर्वीच्या मानाने आवाक्यात आले आहे. त्याच्या जोडीला स्टिरॉइड आणि इतर औषधे दिली जातात. लेनालिडोमाइडसारख्या काहींची मात्रा मूत्रपिंडाच्या क्षमतेनुसार बदलावी लागते. योग्य रुग्णांत स्वतःच्याच मूलपेशींचे प्रत्यारोपण केले जाते.

मूत्रपिंडाच्या दृष्टीने निर्णायक असतात ते पहिले काही आठवडे. उपचार सुरू झाल्यावर तीन आठवड्यांत हलक्या साखळ्यांचे प्रमाण ६० टक्क्यांनी किंवा त्याहून अधिक घटले, तर डायलिसिसवर गेलेल्या रुग्णांपैकीही बहुसंख्यांचे मूत्रपिंड पुन्हा काम करू लागल्याचा अनुभव आहे. म्हणून “सीझन संपल्यावर दाखवू”, “लग्न उरकल्यावर पाहू” या दिरंगाईची किंमत फार मोठी असते. मूत्रपिंड न सावरल्यास सामान्यतः आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येकी सुमारे चार तास डायलिसिस करावे लागते. मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा विचार कर्करोग दीर्घकाळ पूर्ण आटोक्यात राहिल्यावरच होतो.

खर्चाच्या दृष्टीने काही आधार जवळच आहेत. सांगवी फाट्यानजीक औंधचे जिल्हा रुग्णालय आहे आणि पिंपरीत संत तुकारामनगर येथे महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. प्राथमिक तपासणीसाठी तेथे जाता येते. पुढील कर्करोगोपचारासाठी पुण्यातील मोठी रुग्णालये आणि मुंबईत परळचे, १९४१ मध्ये सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या आणि मूत्रपिंडाच्या अनेक उपचारांचा समावेश असून तिचे संरक्षण प्रतिकुटुंब वार्षिक पाच लाख रुपयांपर्यंत वाढवण्याचा निर्णय शासनाने २०२३ मध्ये घेतला. कोणता उपचार कोणत्या रुग्णालयात बसतो हे तेथील आरोग्यमित्राला दाखल होण्यापूर्वीच विचारावे.

लपवू नये

पैशाइतकाच अडसर लपवाछपवीचा असतो. घरात कर्करोग आहे हे कळले तर मुलीचे ठरत आलेले लग्न मोडेल, बाजारातील पत जाईल, देणेकरी तगादा लावतील, अशा भीतीने रुग्णाला परगावी नेले जाते, फायली कपाटात बंद होतात आणि दुसऱ्या डॉक्टरांना पहिला आजार कळतच नाही. मायलोमा संसर्गाने पसरत नाही. रुग्णाच्या जवळच्या नातेवाइकांत त्याचे प्रमाण किंचित अधिक आढळत असले, तरी तो आईवडिलांकडून मुलांकडे सरळ उतरणारा आजार नाही. त्याच्यामुळे कोणाचा विवाहसंबंध थांबावा असे काहीही नाही. लपवलेल्या आजारावर दिलेली वेदनाशामक सुई किंवा स्कॅनचे रंगद्रव्य मात्र मूत्रपिंड कायमचे घालवू शकते.

समाजातर्फे ठिकठिकाणी आरोग्य शिबिरे होतात. त्यांत साखर आणि रक्तदाब तपासला जातो. त्याच रक्तात हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, कॅल्शियम, एकूण प्रथिने आणि अल्ब्युमिन यांचीही तपासणी करता येते आणि पन्नाशीपुढच्या व्यक्तीला “हाडे किती दिवस दुखतात, गोळ्या किती घेता” हे दोन प्रश्न विचारता येतात. मुक्त हलक्या साखळ्यांची तपासणी महागडी असल्याने गरजू रुग्ण ती टाळतात. डायलिसिसचे यंत्र दान करणे पुण्याचेच, पण या एका तपासणीचा खर्च उचलला तर एखाद्याला त्या यंत्रापर्यंत जावेच लागणार नाही. आभ्यंतर तपात वैयावृत्त्याचे, म्हणजे सेवेचे, स्थान आहे. घरातील आजाऱ्यासोबत दवाखान्यात जाणे, जुने अहवाल तारखेप्रमाणे लावून नेणे, गोळ्यांची यादी डॉक्टरांसमोर ठेवणे आणि रात्री उशाशी पाण्याचा तांब्या आहे ना हे पाहणे, ही सारी त्या सेवेचीच कामे आहेत.